टँकर वळला त्या दिवशी

परवा उन्हात तापलेल्या रबरी नळीचा वास आला आणि मुरुडची आमची गल्ली आठवली. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, पावसानं मात्र पाठ फिरवली होती, आणि मी त्या घरात नवी सून होते. गल्लीच्या टोकाला बालवाडीच्या बाई एकट्या राहायच्या. आमच्या भागातल्या पुढाऱ्यांचा, म्हणजे साहेबांचा, संसार लातूरला होता. त्यांची जीप मात्र आठवड्यातून दोनदा बाईंच्या दारात दिसायची. सगळ्यांना ठाऊक होतं, पण साहेबांच्या शब्दावर पाण्याचा टँकर आधी आमच्याच गल्लीत यायचा, त्यामुळे कुणी चकार शब्द काढत नसे. ‘ज्याचं त्याच्यापाशी,’ असं म्हणत सासूबाई घागर पुढं सरकवायच्या. एका दुपारी बाईंनीच टँकर अडवला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, ‘आधी वरल्या गल्लीत जा. तिथली लेकरं तीन दिसांपासून माझ्याकडं पाणी मागायलीत.’ टँकर वळला, तिकडंच रिकामा झाला. तेव्हा सासूबाई सगळ्यांदेखत बाईंना म्हणाल्या, ‘लई शहाणी झालीस का? साहेबाची ठेवलेली तू.’ बाईंनी दार लोटून घेतलं. मी शेजारीच उभी होते; रिकामी घागर उचलून सासूबाईंच्या मागं घरी आले. महिन्याभरात बाई गाव सोडून गेल्या. साहेब पुढच्या निवडणुकीत आमच्याच मतांवर निवडून आले. पुढाऱ्याच्या खाजगी आयुष्याशी लोकांना काय करायचंय, असं कुणी विचारलं की मला तो वळलेला टँकर आठवतो. आम्हाला त्यात पाप दिसलं ते घागरी कोरड्या राहिल्यावर, आणि तेही फक्त बाईंचं.