धुळाची तहान

माझा थोरला भाऊ धुळा लढाईत खेचरं हाकायला ब्रह्मदेशात गेला आणि पंचेचाळीस साली परतला, तो कपाळावर खेचराच्या लाथेचा व्रण आणि न भागणारी तहान घेऊन. दिवसाला दोन घागरी पाणी प्यायचा आणि सारखा लघवीला बांधाआड पळायचा. आमचं गाव आटपाडीकडचं, तिथं मेंढरांनाच पाणी पुरत नव्हतं. त्याला विहिरीतल्या आसरा, पाण्यातल्या त्या भुतिणी, लागल्यात, अशी कुजबुज सुरू झाली. मलाही त्याच्या शेजारी जेवायला बसायची भीती वाटायची.

देवऋषी म्हणाला, "दोन दिस पानी तोडा. आसरा आपसूक पळत्यात." मी मोठा शहाणा! सख्ख्या भावाला लोकरीच्या खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी घातली.

"गुंडा, घोटभर दे रं!" सकाळपासून तो ओरडत होता. वहिनी हरणाबाई माझ्या पाया पडली. "आवं भावजी, मानूस मरंल!" मी तिलाच दरडावलं. दुपारी त्याचा आवाज बसला, मग नुसतं भिंत खरवडणं ऐकू यायला लागलं. पण कडी काढली तर आसरा माझ्याच मानगुटीवर बसतील, या धाकानं मी जागचा हललो नाही.

दिवस कलताना आत सगळं शांत झालं. देवऋषी हसला. "गेल्या बग."

हरणाबाईनं मला ढकलून दार उघडलं. धुळा निपचित पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठांना भिंतीची माती, आणि धोतर ओलंचिंब. तोंडात थेंब गेला नव्हता, तरी अंगातलं पाणी वाहतच होतं. तिनं फडकं भिजवून त्याच्या तोंडात पिळलं. बऱ्याच वेळानं तो गिळायला लागला.

वाटभर पाणी पाजत त्याला बैलगाडीतून मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, "प्रत्येकाच्या मेंदूखाली वाटाण्याएवढी गाठ असते. तिच्यातला रस अंगातलं पाणी धरून ठेवतो. तुमच्यात तो आहे, म्हणून तुम्ही रात्रभर सुखानं झोपता. याचा त्या लाथेनं आटलाय. पाणी तोडलंत म्हणजे याचा जीवच तोडायला निघाला होतात."

त्या रसाची सुई मिळाली की त्याची तहान दोन दिवस मावळायची, नाही तर घागर उशाशी. असा तो आणखी अकरा वर्षं जगला. माझ्याशी हसून बोलायचा, माझ्या पोरांना खांद्यावर घ्यायचा. पण मी तांब्या पुढं केला, की उठून स्वतःच घागरीकडं जायचा.