डाव्या गाठींची दाढी

माझी मावशी खोटे केस करते. म्हणजे टोप, दाढ्या, मिशा आणि भुवया. तिच्या घरात शिरलं की आधी शेल्फवर ओळीने मांडलेली लाकडी डोकी दिसतात, मग मावशी दिसते, आणि तिघींना पुरेल इतका राग तिच्या एकटीच्या चेहऱ्यावर दिसतो. ही गोष्ट घडली तेव्हा हा राग अकरा वर्षं जुना होता. तिने तो तिच्या चिनी मातीच्या बरणीसारखा जपला होता, एक टवकासुद्धा उडू दिला नव्हता.

राग होता कंगव्यावर. शर्टच्या वरच्या खिशात कायम कंगवा खोचून फिरायचा म्हणून आम्ही त्याला कंगवा म्हणायचो. सिनेमांना टोप पुरवणारा मोठा कारखाना त्याचा, आणि मावशी त्याच्याकडे कामाला होती. जादूगाराच्या सिनेमाच्या सात भागांतला पहिला भाग निघाला, तेव्हा जादूगाराची गुडघ्यापर्यंतची पांढरी दाढी मावशीने केली. ती कशी करतात हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. गालाच्या आकाराची बारीक जाळी लाकडी हनुवटीवर ताणून बसवायची. हातात सुईएवढी आकडी घ्यायची. जाळीच्या एकेका भोकातून केस ओढायचा आणि गाठ मारायची. आत, हनुवटीखाली, एका गाठीत तीन-चार केस चालतात. पण गालावरच्या कडेला, जिथे कॅमेरा नाक लावून बघतो, तिथे एका गाठीत एकच केस. पांढऱ्या जाळीत पांढरा केस. मावशी तिथे खाली काळं फडकं धरायची आणि श्वाससुद्धा जपून घ्यायची. ते काम तीन महिने चाललं होतं.

मावशी डावखुरी. तिच्या गाठी उलट्या बाजूला कलतात, त्यामुळे ती दाढी गालावरून निघताना डावीकडे वळायची, वाऱ्याने वळवावी तशी. लोकांना त्याचंच वेड लागलं. पोस्टरवर ती, खेळण्यांवर ती, पोरं कापूस चिकटवून तेच वळण काढायची. कंगव्याला बक्षीस मिळालं. स्टेजवर त्याने दोन्ही पंजे वर केले आणि म्हणाला, "एकेक केस या हातांनी गाठलाय." आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. मावशीने तोंडातला घास गिळला नाही, तसाच काढून ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती त्याला विचारायला गेली. पुढच्या भागात तरी माझं नाव येऊ दे, एवढंच म्हणाली. त्याने तिला चहा पाजला, गोड बोलला, आणि आठवडाभरात सगळ्या स्टुडिओंत सांगून टाकलं की बाईंची नजर गेली, बिचाऱ्यांना आता गाठ दिसत नाही. मग कोण काम देणार? त्यानंतर मावशी आजारपणात केस गेलेल्या बायकांचे टोप करत राहिली. त्या बायका आरशात बघून रडायच्या, मावशीला मिठी मारायच्या. मावशी त्यांच्याशी फार मायेने वागायची आणि त्या गेल्या की कंगव्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तिने डूख धरला होता. "त्याच्याच तोंडून वदवून घेईन," ती म्हणायची, "चार लोकांत. त्याशिवाय मरायची नाही."

मीही तिच्याकडेच शिकले. मी लिहिते उजव्या हाताने, जेवते उजव्या हाताने. पण आकडी मात्र डाव्या हातात धरते, कारण लहानपणी तिच्या शेजारी बसून तिचं बघत शिकले. हे मला बरीच वर्षं कुणी दाखवून दिलं नव्हतं.

शेवटचा भाग सुरू झाला आणि कंगव्याची भंबेरी उडाली. सहाव्या भागात आगीच्या दृश्यात एक ठिणगी पडून मूळ दाढी जळाली होती. त्याच्या कारखान्यात नवी केली, पण ती उजवीकडे वळायची. इस्त्री केली, वाफ दिली, गोंद लावला. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा आपल्या वाटेने उजवीकडे. जादूगाराचं काम करणारे म्हातारे नट आरशासमोर बसले, त्यांनी ती गालावरून ओरबाडली आणि म्हणाले, "ही माझी दाढी नव्हे." शेवटच्या दृश्यात जादूगार आपली विद्या सोडून देतो आणि कॅमेरा त्याच्या गालावर येऊन थांबतो. तिथे लपवणार काय?

कंगवा आमच्या घरी आला, फळांची करंडी घेऊन. "ताई," म्हणाला, "झालं गेलं विसरा."

"विसरले," मावशी म्हणाली. मी चकित होऊन बघतच राहिले. "दाढी करते. पण सेटवर मी स्वतः घेऊन येणार. तुमच्या माणसाच्या हाती द्यायची नाही."

तो हात जोडून गेला. मावशीने करंडी शेजाऱ्यांकडे पाठवली.

मग अडीच महिने ती गाठी मारत बसली. गाठीगणिक एक शिवी. भल्याचं रक्षण करणाऱ्या त्या जादूगाराच्या दाढीत जेवढ्या शिव्या आहेत तेवढ्या दारूच्या गुत्त्यातही सापडायच्या नाहीत. मला ती जवळ येऊ द्यायची नाही. चहा ओतताना कपाबाहेर सांडायची, आणि मी पुसायला गेले की खेकसायची. मला वाटलं, रागाने हात कापतो. दाढी पुरी होत आली तेव्हा मी पाहिलं, गालावरची दोन बोटं रुंदीची कडा तिने तशीच कोरी सोडली होती.

"ही राहिलीय."

"राहिली नाही, ठेवलीय," मावशी म्हणाली. "त्याच्यासाठी."

सेटवर आम्ही सकाळीच पोचलो. दिवे, तारा, शंभरेक माणसं. दिग्दर्शक बाई उंच आणि घाईतल्या होत्या. त्यांनी दाढी उन्हात धरली, वळण पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांना कोरी जाळी दिसली. "कडा कुठाय?"

"ती यांच्यासाठी ठेवली," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पहिल्या दाढीचा एकेक केस यांनी स्वतः गाठलाय. यांच्या हाताची सर मला कुठून येणार?" आणि तिने आकडी कंगव्यापुढे धरली.

तो हसला. कुणीच हसलं नाही, तेव्हा थांबला. "नंतर करू की, ताई."

"नंतर कशाला?" दिग्दर्शक बाई म्हणाल्या. "दहा गाठी मारून दाखवा. मलाही बघायचंय."

कंगव्याने आकडी घेतली, पेन धरतात तशी. केस भोकातून ओढायला गेला, केस निसटला. पुन्हा ओढला, आकडी जाळीत अडकली. त्याने हिसका दिला आणि जाळीला शेंगदाण्याएवढं भोक पडलं. त्याच्या कपाळावरून घाम नाकावर आला. खिशातल्या कंगव्याकडे त्याचा हात दोनदा गेला आणि दोनदा परत आला. म्हातारे नट खुर्चीवरून वाकून बघत होते.

"दाढी यांनी केली होती," तो शेवटी पुटपुटला. "पहिलीसुद्धा."

"मोठ्याने," मावशी म्हणाली. "मागच्या दिवेवाल्यांना ऐकू नाही आलं."

त्याने मोठ्याने सांगितलं.

"आणि माझ्या डोळ्यांबद्दल काय सांगत फिरलात?"

"ते खोटं होतं," कंगवा म्हणाला. "यांची नजर चांगली आहे."

हे सांगते ते मला शोभत नाही, पण माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वाटलं, त्याने नाक घासावं, अजून घासावं. दिग्दर्शक बाईंनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि मावशीला विचारलं, "बाई, दुपारपर्यंत कडा होईल?"

"होईल," मावशी म्हणाली. "फक्त भाची सोबत हवी. आणि दार बंद हवं."

मेकअपच्या खोलीचं दार मी लावलं. मावशी आरशासमोर बसली, काळं फडकं मांडलं, आकडी घेतली. मग तिने ती माझ्याकडे सरकवली.

"तू कर. मला दिसत नाही गं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं. आतलं सगळं बोटांनी केलं. कडा बोटांना कळत नाही."

बाहेर कंगव्याने जे खोटं म्हणून कबूल केलं होतं ते एव्हाना खरं झालं होतं. मी आधी भोक बुजवलं, मग एकेक केस, डाव्या हाताने. चार तास मान वर केली नाही. वळण तिच्या वळणाला असं मिळालं की मलाच सांधा सापडेना. बाहेर आलो तेव्हा दिग्दर्शक बाईंनी भिंगाने पाहिलं. "अशी कडा मी उभ्या जन्मात पाहिली नाही. हे सगळं तुम्ही केलंत?"

कंगवा भिंतीला टेकून उभा होता. मावशीने आवाजाच्या दिशेने हनुवटी वर केली. "मीच केलं. सगळं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिच्या शेजारी, तिची पिशवी धरून. जे कंगव्याने तिच्याशी केलं, तेच तिने माझ्याशी केलं, तेही त्याच्याच देखत. नंतरच्या आठ महिन्यांत मी तिच्याशी कामापुरतं बोलले. मीही तिचीच भाची, मलाही डूख धरता येतो. हिचं उट्टं कसं काढायचं ते मी मनात पक्कं करून ठेवलं होतं.

सिनेमा लागला. आम्ही सकाळच्या खेळाला गेलो. शेवटी जादूगाराने काठी खाली ठेवली, कॅमेरा गालावर आला आणि हॉलभर लोक मुसमुसले. माझी कडा पडद्यावर भिंतीएवढी झाली होती. मग नावं वर सरकू लागली. मावशीने माझं मनगट पकडलं.

"आलं का गं?"

तेवढ्यात आलं. दाढी आणि केस, खाली तिचं नाव, ठळक. अकरा वर्षं या एका ओळीसाठी. मी पडद्यावरची नजर काढून तिच्या चेहऱ्यावर लावली, कारण मला तो बघायचा होता.

"नाही," मी म्हणाले.

"नीट बघ."

"बघतेय. नाही आलं."

तिची पकड सैल झाली. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "आणि तुझं?"

"माझं कशाला येईल?"

"त्या बाईंचा नावं विचारायला फोन आला, तेव्हा तू बाजारात होतीस. मी दोघींची सांगितली. कडा भाचीची, असं म्हटलं. सेटवर त्या मेल्यासमोर बोलले असते तर त्याचंच खरं झालं असतं गं. माझं राहिलं तर राहू दे. तुझं तरी घ्यायचं त्यांनी."

मी पडद्याकडे पाहिलं. तिथे गाड्या चालवणाऱ्यांची नावं चालली होती. तिच्या नावाखालची ओळ मी वाचलीच नव्हती. दिवे लागले, लोक उठून बाहेर जायला लागले.

"मावशी," मी तिच्या कानाशी म्हणाले, "तुझं आलं होतं. मी खोटं बोलले."

तिने मान माझ्याकडे वळवली. ज्याला दिसत नाही त्याची नजर इतकी टोचू शकते हे मला माहीत नव्हतं.

"मोठ्याने बोल," ती म्हणाली. "मागच्या रांगेला ऐकू नाही आलं."

मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले. जाणारी माणसं थबकली, एका बाईने पोराला जवळ ओढलं. मावशी पर्स मांडीवर धरून बसून राहिली.

"जा आता," ती म्हणाली, "पुढच्या खेळाची दोन तिकिटं काढ. या वेळी दोन्ही ओळी वाच."