माहेरच्या पाण्याचे दात

लग्नात विडा तोडायची वेळ आली तेव्हा सासरच्यांनी माझे दात पहिल्यांदा पाहिले. विडा दातांत धरायचा तर ओठ उघडावेच लागतात. समोरच्या बायकांचं हसणं एकदम थांबलं. ह्यांनी विडा दातांनी तोडलाच नाही, हाताने ओढून घेतला.

माझे दात तपकिरी होते. पुढच्या दोघांवर तर गंज चढल्यासारखे पट्टे. माझं माहेर पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातलं. गावाला एकच खोल विहीर, आणि गावात सगळ्यांचेच दात असे. त्यामुळे यात काही खोट आहे हे मला ठाऊकच नव्हतं. लोणावळ्याला रेल्वेत असलेल्या मामाने स्थळ जमवलं होतं. बघायला आले तेव्हा पोर लाजरी आहे, असं सांगून त्याने वेळ निभावून नेली होती.

सासरचे मूळचे वडिवळ्याचे. तिथं थोडी भातशेती होती, पण घर चालायचं ते लोणावळ्यातल्या गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीच्या भट्टीवर. सासरे नव्हते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना वाटलं, मी चोरून तंबाखूची मिश्री लावते. नाही म्हटलं तरी पटेना. रोज सकाळी त्या दात घासायला माझ्यापुढं राखुंडी ठेवायच्या, मग मीठ आणि कोळसा, मग लिंबाची साल. हिरड्यांतून रक्त यायचं, रंग काही हलायचा नाही. बोलताना मी तोंडाशी पदर धरू लागले, पुढं बोलणंच कमी केलं. हे माझ्याशी वाईट वागले नाहीत. पण बोलायचे ते माझ्या कपाळाकडे बघून.

ह्यांचे दात दिसायला पांढरेशुभ्र होते. दाढा मात्र आतून पोखरल्या होत्या. गुळाचा पाक झाला की नाही हे बघायला त्याचा थेंब गार पाण्यात टाकायचा आणि दाताखाली धरायचा. कट्‌कन तुटला तर कढई उतरवायची, चिकटला तर आणखी आच द्यायची. पोरवयापासून हे काम ह्यांचंच. आत्याबाईंनीही उमेदीत तेच केलेलं. त्यांच्या तोंडात आता चारदोन खुंट उरले होते.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत ह्यांची दाढ ठणकू लागली. तेव्हा आमची मुलगी रांगत होती. हवापालटाला येणाऱ्या बंगलेवाल्यांसाठी पुण्याहून दातांचे एक डॉक्टर आठवड्याला येत, त्यांच्याकडे आम्ही गेलो. आत्याबाई बरोबर आल्या, त्या माझे पुढचे दात काढून पांढरे बसवता येतील का, हे विचारायला.

डॉक्टरांनी ह्यांची दाढ आजच काढू म्हणून सांगितलं, आणि गूळ-साखर तोडायला सांगितली. मग मला तोंड उघडायला लावलं. बारीक आकड्याने एकेक दात टोकरून पाहिला. कीड कुठंच नव्हती.

"हे दात मी काढणार नाही," ते आत्याबाईंना म्हणाले. "हिच्या माहेरच्या विहिरीत फ्लोराईड नावाचा क्षार असणार. त्याने रंग बिघडतो, पण असे दात सहसा किडत नाहीत."

आत्याबाईंनी विचारलं, मग ते पाणी चांगलं म्हणायचं का वाईट. डॉक्टर म्हणाले, बेताचं असेल तर दातांना चांगलं. इतकं असलं की वय झाल्यावर हाडंही आखडतात.

दाढ ह्यांनी काढून घेतली नाही. हंगाम उलटला की बघू म्हणाले. पण परतताना माझ्या गावची विहीर किती खोल आहे, पाण्याला चव कशी आहे, असं बरंच विचारलं. माझ्या तोंडाकडे बघून विचारलं. तो रस्ता मला अजून आठवतो.

साखर तेव्हा रेशनवर होती. देहूरोडच्या लष्करी डेपोत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ह्यांनी सॅकरिनच्या गोळ्या आणल्या. चहात एक गोळी टाकली की गोड व्हायचा, मागून जिभेवर कडवट राहायचा. हे मुकाट्याने प्यायचे. आत्याबाईंना ते लागायचं. गुळावर जगणाऱ्या घरात हे कसलं गोड, म्हणायच्या. आणि चहातला गूळ सुटला तरी पाक दाताखाली धरावाच लागायचा. मी म्हटलं, ते मी करते. आत्याबाई म्हणाल्या, "तुजे दात बगून हितं कोन गुडदानी घेईल?"

पावसाळ्यात ह्यांचा गाल सुजला. लवंग झाली, शेक झाला. मग सूज हनुवटीखाली उतरली, जीभ वर उचलली गेली, पाण्याचा घोट जाईना. मामाने गाडीत बसवून पुण्याच्या इस्पितळात नेलं. तिथं गळ्याला चीर देऊन पू काढला. मी पाय चेपत बसले होते. बोलता येत नव्हतं, श्वासाचा घरघर आवाज तेवढा येत होता. तो थांबला तेव्हा मला आधी वाटलं, बरं वाटून डोळा लागला.

एका दाढेने माणूस जातो हे आत्याबाईंना पटत नव्हतं. येईल त्याला विचारायच्या. भट्टी बरेच दिवस गार राहिली. पुन्हा पेटवली तेव्हा त्यांनी पाण्यातला पाकाचा थेंब काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो दाताखाली धरला.

मुलीचे दुधाचे दात लवकरच किडून काळे पडू लागले. मी माहेरी निघाले तेव्हा आत्याबाईंनी घासूनपुसून एक तांब्याची कळशी पुढं ठेवली.

"पोरीसाठी तितलं पानी आन," म्हणाल्या.

गावी पोचले तर वडील अंगणात उभे होते. हाक मारली तर मान वळेना, सगळं अंग फिरवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नातीला उचलायला वाकू गेले आणि अर्ध्यातच थांबले. शेजारचे दोघंतिघं म्हातारे असेच ताठलेले. सगळे म्हणत, वय झालं. लहानपणापासून मी हे बघत आले होते आणि मलाही तसंच वाटायचं. आता डॉक्टरांचं हाडांचं बोलणं आठवलं.

कळशी मी रिकामीच परत आणली. वडिलांचं जे पाहिलं ते आत्याबाईंना सांगितलं. पोरीला मांडीवर घेऊन त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"मंग करायचं काय?" त्यांनी विचारलं.

पोर गालावर हात दाबून रडत होती. मी लवंग कुटायला बसले.