मास्तरांच्या गळ्यातली टेप

मास्तरांना लेथ मशीन घ्यायचं होतं आणि त्यांच्या लेकीला ते घरात येऊ द्यायचं नव्हतं. मास्तर शिंपी, आयुष्यभर लोकांच्या खांद्यांची मापं घेतलेला माणूस. लेक मोठ्या दवाखान्यात अपघात विभागात नर्स. यंत्रात सापडलेला हात कसा दिसतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

हे खूळ शिरलं शिलाई मशिनांपायी. जुन्या मशिनांचे सुटे भाग मिळेनासे झाले, तसे मास्तर कानस घेऊन एकेक स्क्रू हातानेच घासायला लागले. एका स्क्रूला अख्खी दुपार जायची आणि तरी मेला नीट बसायचा नाही. मग कोणीतरी लेथवर तसाच स्क्रू चहा निवायच्या आत कातताना त्यांनी मोबाइलवर पाहिलं, आणि मास्तर कामातून गेले. जेवताना लेथ, झोपताना लेथ. त्यांची बायको म्हणाली, "सवत आणायचीच असेल तर निदान बोलणारी तरी आणा."

शेवटी लेकीने अट घातली. "बघायला मी बरोबर येणार. एक जरी गोष्ट खटकली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल," मास्तर म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की तिलाच धास्ती वाटली.

आधी ते दुकानात गेले. तिथे टेबलावर मावेल असं एक नवंकोरं, चकचकीत लेथ होतं. लेकीला ते त्यातल्या त्यात निरुपद्रवी वाटलं. मास्तरांनी अंगठ्याने त्याला नुसतं रेटलं, तर ते टेबलावरून सरकलं.

"हलकं आहे," ते म्हणाले. "लोखंड कातताना हे थरथरणार. शिलाई मशीनसुद्धा जड असलं तरच टाका सरळ येतो." दुकानदाराचा चेहरा पडला. मास्तरांना त्याचं काही नव्हतं.

दुसरं मशीन लेथवर जन्म काढलेल्या एका म्हाताऱ्या टर्नरच्या शेडमध्ये होतं. डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून तो ते विकायला काढत होता. जुनं, काळपट, चांगलं जडशीळ. मास्तरांनी कातायचं टूल ज्यावरून सरकतं त्या लांब बेडवरून नख फिरवलं. कापडातला उसवलेला धागा शोधावा तसं अगदी हळू. लोखंड धरून फिरवणाऱ्या चकजवळ, जिथे रोजचं काम चालतं, तिथे नख किंचित अडलं.

"इथे झिजलंय."

"झिजणारच, काम केलंय त्याने," टर्नर म्हणाला. "तुमच्या स्क्रूंना बाध यायचा नाही. घरच्या विजेवर चालतं. बोलत काय बसता, चालवून बघा."

खोट काढायची आता हीच वेळ, असं म्हणून लेकीने बापाला आपादमस्तक तपासलं. अंगठी काढायला लावली, घड्याळ काढायला लावलं, बाह्या कोपरावर दुमडल्या. टर्नरने चष्मा दिला आणि चकची चावी काढून खिशात ठेवली. "मोजे हातात घालायचे नाहीत, लोखंडाचा कीस हाताने ओढायचा नाही," तो म्हणाला. खटकण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने खूप शोधलं.

मशीन सुरू झालं. चकमध्ये धरलेली सळई गरगर फिरू लागली आणि टूल लागताच तिच्यावरून कीस सुटू लागला. मास्तरांच्या चेहऱ्यावर असं हसू तिने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. बारीक काम जवळून बघायची त्यांची जन्माची सवय. ते वाकले.

गळ्यातल्या मोजायच्या टेपचं टोक सळईला लागलं.

क्षणात टेप गुंडाळली गेली. मास्तरांची मान खाली ओढली गेली, तिने मागून शर्ट धरला, टर्नरने बटणावर हात मारला. टेपला गाठ नव्हती, ती नुसती गळ्यात लोंबत होती. म्हणून ती मान सोलत सुटली. चक थांबलं तेव्हा टेप सळईवर घट्ट बसली होती.

टर्नर मटकन स्टुलावर बसला. "बाह्या पाहिल्या, बोटं पाहिली," तो म्हणाला. "ही दिसलीच नाही."

"मलाही नाही," लेक म्हणाली. लहानपणी त्याच टेपचं टोक मुठीत धरून ती झोपायची. टेपशिवाय बाप तिने कधी पाहिलाच नव्हता, मग टेप वेगळी दिसणार कशी?

मास्तरांनी मानेवरून हात फिरवला. बोटांना रक्त लागलं. "चल, घरी जाऊ. विषय संपला."

ती जिंकली होती. तिला बापाचा भयंकर राग आला होता, आणि रडूही येत होतं. पण ती त्यांना ओळखून होती. आज घरी नेलं, तर महिनाभर हा माणूस गप्प बसेल आणि मग कुठल्यातरी शेडमध्ये, तिला न सांगता, एकटाच वाकेल.

तिने पर्समधून कापूस काढून मान पुसली. मग सळईवरची टेप उलगडून स्वतःच्या मुठीत घेतली.

"परत चालू करा," ती म्हणाली. "अर्धं राहिलंय ते माझ्यासमोर पुरं करा."

"माझे हात थरथरतायत गं."

"थांबतील. मी आहे इथे."

थांबायला वेळ लागला. पण मास्तरांनी ते पुरं केलं.

लेथ आता मागच्या खोलीत आहे. दाराबाहेर एक खिळा ठोकलाय. टेप त्यावर अडकवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, अशी लेकीची नवी अट आहे. ड्यूटीवरून येताना तिला जिन्यातच मशीनचा आवाज येतो. मग ती बॅग खांद्यावर तशीच ठेवून, चपलांसकट, आधी मागच्या खोलीच्या दारापर्यंत जाते. खिळ्यावर टेप दिसली की तिथेच चपला काढते.