गाणं पुढे, मी मागे

मुलाने पुण्याहून पाठवलेलं पार्सल उघडलं आणि मला वाटलं, पोराने आईला हिमालयात धाडायचं ठरवलंय. अंगाला चिकटून बसणारे आतले गरम कपडे, हातमोजे, लोण्यासारखे मऊ बूट, आणि एका पांढऱ्या डबीत कानात खुपसायच्या दोन बिया. बिया म्हणजे इअरफोन. वायर नाही, काही नाही. फोनवर म्हणाला, "आई, तू फिरायला जात नाहीस म्हणे. आता थंडीचं कारण सांगायचं नाही. मस्त गाणी ऐकत जा, एकटं वाटणार नाही." पुण्यात राहून त्याच्या बोलण्यातलं 'मले-तुले' पार गेलं आहे. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि त्या बुटांकडे बराच वेळ बघत बसले.

फिरणं बंद झाल्याचं त्याला गल्लीतल्या कोणीतरी सांगितलं असणार. आमच्या वरठीतून अशी बातमी पुण्याला पोचायला काय वेळ लागतो! पण कारण थंडीचं नव्हतं. उन्हाळ्यात नवरा गेला आणि मला सकाळी दाराबाहेर पाऊल टाकवेना, एवढंच.

आमचं फिरणं सुरू झालं ते डॉक्टरमुळे. ह्यांचं बीपी, माझी साखर. ह्यांची कारखान्यातली नोकरी संपली होती, सकाळी पाचला उठायची सवय मात्र सुटली नव्हती. मग उठून घरातली भांडी वाजवत बसण्यापेक्षा चालू या, असं ठरलं. पहिल्या हिवाळ्यात आमचा जो काही थाट होता, तो फोटो काढून ठेवण्यासारखा होता. ह्यांच्या अंगात कारखान्यातली जाड निळी जर्किन. डोक्यावर भंडाऱ्याला थंडीत येणाऱ्या स्वेटरवाल्यांकडून घासाघीस करून आणलेली कानटोपी, तिच्यावरून मफलरचे वेढे. दिसायच्या फक्त मिशा. एवढा बंदोबस्त वर, आणि पायात चप्पल! मोज्यांवर चप्पल. अंगठ्यापाशी मोजा आत ओढून घ्यायचा आणि चालू पडायचं. बूट घ्या म्हटलं तर म्हणायचे, "जनमभर बूटच घातले ना वो ड्युटीत." मी साडीवर ह्यांचाच जुना स्वेटर घालायचे, शाल डोक्यावरून कानांना घट्ट गुंडाळायचे आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीखाली बूट बघून गल्लीतल्या बायकांना चांगला आठवडाभर विषय पुरला.

आणि बॉक्स. मुठीएवढा काळा, जर्किनच्या खिशात मावणारा, गाणी वाजवणारा बॉक्स. मोबाइलच्या दुकानातून चिपमध्ये गाणी भरून आणली होती. त्या दुकानदाराने काय भरलं, देव जाणे. सुरुवातीला त्याच्याच दुकानाची जाहिरात, मग एक भजन, मग जुनं सिनेमातलं गाणं, आणि पुन्हा भजनाचा सूर लागतो न लागतो तोच लग्नाच्या वरातीतलं डीजेचं गाणं. ते गाणं लागलं की हे बटणं दाबत सुटायचे, पण बॉक्स काही ऐकायचा नाही. भल्या पहाटे देवळासमोरून आमची वरात जायची. शेकोटीवर हात शेकणारे म्हातारे माना वर करून बघायचे आणि मला शालीत तोंड लपवावं लागायचं.

हे पुढे, मी मागे. आमच्याकडे असंच चालतात. हे कोणी शिकवत नाही. माझं माहेर आसगावचं, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. आई बाबांच्या मागे, काकू काकांच्या मागे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोघं जण शेजारी चालूच शकत नाहीत, धुरा असतोच एका माणसाएवढा. पुढे डांबरी रस्ते झाले, त्यांच्यावरून दोन ट्रक बाजूबाजूने जातात, पण नवरा-बायकोची चाल अजून धुऱ्यावरचीच राहिली आहे.

धुकं असलं की हे दिसायचे नाहीत. गाणं ऐकू यायचं. गाणं मोठं झालं म्हणजे मी जवळ आले, बारीक झालं म्हणजे पाय उचलायला हवेत. गाणं डावीकडे वळलं की मी डावीकडे वळायचे. घरापासून देवळापर्यंत, देवळापासून नहराच्या पुलियापर्यंत, म्हणजे कालव्यावरच्या छोट्या पुलापर्यंत, तिथून बोडीला, म्हणजे आमच्या छोट्या तलावाला, वळसा घालून परत. इतक्या वाटेत हा माणूस एकदाही मागे वळून बघायचा नाही. एकदाही नाही! माझ्या बुटाची नाडी सुटली तरी नाही, कुत्रं भुंकलं तरी नाही. नाडी बांधून धापा टाकत पुलियापाशी गेले, तर हे कठड्याशी उभे. "काय करून राहिले जी?" तर म्हणे, "पाणी पाहून राहिलो."

आणखी एक खोड होती. गाणं रंगात आलं की नेमका तेव्हाच आवाज बारीक करायचे. क्षणभर अगदी बारीक, आणि मग पुन्हा मोठा. मला पाठीमागून ओरडावं लागायचं, "काहून बारीक केलं जी? मस्त गाणं होतं ना!"

"बॅटरी उतरते ना वो."

रोज बॅटरी. त्या बॅटरीचा मला सवतीसारखा राग यायचा. एकदा चिडून म्हटलंही, "मी मागच्या मागे राहून गेली ना, तं तुमाले घरी चहा मांगताना समजन!" त्यावर मिशीतल्या मिशीत हसले असावेत आणि तसेच चालत राहिले. वळून न बघताच.

ते गेल्यावर लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, "सोबत गेली जी तुमची." मी मान हलवायचे, पण आतून काहीतरी टोचायचं. कोणती सोबत? मी त्यांच्या सोबत चालले, की नुसती त्यांच्या मागून? मी मागे आहे याचं त्या माणसाला काही होतं का? संसार झाला, मुलगा मोठा झाला, सगळं झालं, आणि हा एवढा एक प्रश्न माझ्याजवळ राहिला. विचारायचा कोणाला? ज्याला विचारायचा, तो तर याही वेळी मागे न बघताच निघून गेला होता.

असो. पार्सल आलं तसं मुलाचं मन मोडवेना. दुसऱ्या दिवशी सगळा साज चढवला. आतले गरम कपडे, वरून साडी, त्यावर स्वेटर, हातात मोजे, कानांत त्या बिया आणि त्यांवरून शाल. शाल घट्ट बसली की बी दाबली जायची आणि गाणं आपोआप बदलायचं. मुलाने धावणाऱ्या लोकांसाठी असतात तशी ढाण ढाण वाजणारी गाणी भरून दिली होती. देवळापाशी म्हाताऱ्यांनी शेकोटीवरून हात वर करून काहीतरी विचारलं. मला त्यांची फक्त तोंडं हलताना दिसली. मीही नुसतं तोंड हलवलं.

गाणं चांगलं होतं, पण ते चालत नव्हतं. ते माझ्या डोक्यातच होतं, ना पुढे, ना लांब, ना जवळ. रस्ता समोर पसरलेला आणि त्याच्यावर कोणी नाही. किती भराभर चालायचं, तेही मला कळेना. इतकी वर्षं मी माझा वेग ठरवलाच नव्हता. पुलियाच्या अलीकडूनच परत फिरले आणि त्या बिया डबीत घालून डबी कपाटात ठेवून दिली.

तरी जात राहिले. एकदा दार उघडलं होतं, ते पुन्हा लावावंसं वाटेना. कानात काही नाही, पुढे काही नाही. मुलाने पाठवलेले बूट इतके मऊ, की माझ्याच पावलांचा आवाज मला येत नव्हता. मी चालते आहे, हेही रस्त्याला कळत नसावं.

मग ती धुक्याची सकाळ आली. देवळाच्या पुढे गेले आणि समोर धुक्यात गाणं वाजलं. जुनं, सिनेमातलं, ह्यांच्या चिपमध्ये असावं तसंच. मी काही विचार केला नाही, विचार करण्याआधीच पाय त्याच्यामागे चालू लागले. गाणं भराभर, तशी मी भराभर. गाणं हळू, मी हळू. किती बरं वाटलं म्हणून सांगू! अंगात ऊब आली. पुलिया गेली, बोडीकडचं वळण गेलं, मोहाडीचा रस्ता लागला तरी माझं भान नाही. गाणं थांबलं, मी थांबले. गाणं निघालं, मी निघाले. मग ते पुन्हा थांबलं आणि धुक्यातून एक माणूस मागे वळला. हातात सायकल, चेन उतरलेली, रात्रपाळी करून गावाकडे निघालेला. फोन शर्टाच्या खिशात वाजत होता.

"काय झालं जी मावशी? केव्हापासून मागं मागं येऊन राहिल्या. कोणी पाहिजे का?"

काय सांगू त्याला, कोण पाहिजे ते? "नाई जी," मी म्हटलं, "गाणं आयकून राहिली होती."

भला माणूस. हसला नाही. चेन बसवली, फोनचा आवाज मोठा केला आणि म्हणाला, "आयका ना मग, आयका." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. गाणं बारीक होत होत धुक्यात विरलं. मी मोहाडीच्या रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडले. सगळ्यांसमोर रडायचं असतं तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते त्या दिवशी आलं. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा बाजूला झाले.

परतीची वाट संपता संपेना. घरी आल्यावर खुंटीवरची जर्किन काढली. बॉक्स तिच्या खिशातच होता. चार्जिंगला लावला, रोज संध्याकाळी मी लावायचे तसाच.

सकाळी जर्किन साडीवर चढवली. बाह्या बोटांच्या खाली आल्या. बॉक्स सुरू केला, तर आधी त्या दुकानदाराची जाहिरात. तो आपला ठणठणीत! फाटकाबाहेर पडते, तो शेजारची सून उभी. गाऊनवर स्वेटर, डोक्याला स्टोल, पायात चप्पल. तिचा नवरा पहिल्या पाळीला जातो.

"काकू, मी येऊ का जी तुमच्यासंगं फिराले? एकटीले घरचे नाई म्हणतात."

"चाल ना वो. त्यात काय इचारतं?"

मी तिला शेजारी चल म्हटलं. ती हो म्हणाली, आणि दोन घरं गेली नाहीत तोवर मागे राहिली. मी मोठी ना, तिने तरी काय करावं! धुऱ्याची चाल तिच्याही पायात होती. देवळापुढे धुकं दाट झालं आणि जन्मात पहिल्यांदा मी पुढे होते.

पुढे असणं फार विचित्र. समोर बघण्यासारखं काही नसतं आणि सगळं लक्ष पाठीकडे. खिशात भजन जोरात चाललेलं, त्यात मागचं काहीच ऐकू येईना. येते आहे की नाही ही? दमली तर नाही? वाटेत कुत्री असतात, ती नवी आहे, कुठे थांबून तर राहिली नाही? वळून बघावं, तर तिला वाटेल काकू खोळंबल्या, ती बिचारी चपला फटफटवत पळत सुटेल. वळून बघणं म्हणजे तिला हळू चालते म्हटल्यासारखंच.  आणि माझा हात आपसूक खिशात गेला आणि त्याने आवाज बारीक केला.

मागे चप्पल वाजली. चट्, चट्, चट्. येत होती. माझा जीव भांड्यात पडला. मी आवाज पुन्हा मोठा केला.

"काकू, काहून बारीक केलं जी?" ती धुक्यातून ओरडली. "मस्त भजन होतं ना!"

मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते, "बॅटरी उतरते ना वो."

बॅटरी पूर्ण भरलेली होती. ती रोजच भरलेली असायची. रोज संध्याकाळी मीच तर चार्जिंगला लावायचे.

पुलिया आली. माझे पाय तिथेच थांबले, पुढे जाईनात. कठडा धरला.

"काय झालं जी काकू?" तिने लांबूनच विचारलं.

"काही नाई. पाणी पाहून राहिली."

धुक्यात पाणी दिसतच नव्हतं. तरी ती जवळ येईपर्यंत मी तिकडेच तोंड करून उभी राहिले.