नापासांचा बाक

“दीड! दीड आकडा घेऊन आलास व्हय रं माझ्यासमोर? मेथीची जुडी खाल्लीस का अख्खं वावर?”

हिवाळे सिस्टर ओरडत होत्या. त्यांच्या आवाजानं चिकलठाण्याला उतरू घातलेलं विमान पुन्हा वर जायचं, असं मी नव्या पेशंटांना सांगायचो आणि त्यांना ते पटायचं. समोर पैठणकडचा सोपान उभा होता, फेटा काखेत मारून. मेंढरं राखणारा माणूस. हृदयात धातूची झडप बसवलेली, म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी. महिन्याला तपासणी, आकडा अडीच ते साडेतीनमध्ये हवा. गोळी चुकली किंवा पालेभाजी जास्त झाली की तो खाली येतो. खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर रक्त थांबत नाही. मी रक्त काढायचो, डॉक्टर डोस ठरवायचे, आणि या दोघांच्या मधे माणसाचं जे काय करायचं ते सिस्टर करायच्या.

“मेंढरं घेऊन लांब गेलतो सिस्टर. गोळ्या सरल्या. आठ दिस नाय घेतल्या,” सोपान खरं बोलला.

“तुझ्यापरीस मेंढरांना अक्कल हाय! बस तिकडं!”

तिकडं म्हणजे दाराजवळचा नापासांचा बाक. हल्ली तो ओपीडीत नाही, सिस्टरनीच उचलून बाहेर काढायला लावला. पण तेव्हा आकडा चुकला की फाईल छातीशी धरून, ओपीडी संपेपर्यंत तिथं बसायचं. येणाराजाणारा बघणार. एक रिटायर्ड फौजदार तिथं बसून इतका रडला की फरशी दोनदा पुसावी लागली. (एकदा. पण पुसली.) सोपान पाच वाजेपर्यंत बसला. त्याची एसटी गेली.

“लाडानं रक्त पातळ होत नसतंय,” सिस्टर म्हणायच्या. बाई कामाला मात्र राक्षस. दोनशे पेशंटांचे डोस तोंडपाठ. एका मेडिकलवाल्यानं चुकून दुप्पट ताकदीची गोळी दिली, तर भर दुकानात जाऊन त्याला असा झाडला, की तो गिऱ्हाईकाला क्रोसीन देतानाही चष्मा पुसायला लागला. “माझ्या माणसांना मारायचा हक्क फक्त मला हाय,” असं त्याला सांगून आल्या.

पुढच्या महिन्यात सोपानचा आकडा आला तीन. त्याच्या पुढच्या महिन्यात सव्वातीन. मग दरवेळी पास. सिस्टरनी त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि बाकावरच्यांना ओरडल्या, “बघा! रानात राहून गडी एक गोळी चुकवत नाय. आन् तुम्ही, फ्लॅटात राहून?” सोपान खाली मान घालून बसला. आम्हाला वाटलं, लाजला.

खरी गोष्ट मला गेटवरच्या चहाच्या गाडीवर कळली. बाकावरचे जुने खेळाडू तिथं नव्यांची शिकवणी घ्यायचे. तारीख जवळ आली की गोळ्या रेटायच्या, आकडा जागेवर बसतो. महिन्याच्या बाकीच्या दिवसांचं सिस्टरला काय कळतंय? सोपान हुशार विद्यार्थी निघाला. रानात गोळ्या सरल्या तरी आता तो कुणाला सांगत नव्हता. पहिला नंबर आलेल्यानं कसं सांगायचं? मी पोट धरून हसलो. त्याला चहा पाजला. लॅबमध्ये तो किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. सिस्टरना तेवढा सांगितला नाही. बाकावर मलाही बसायचं नव्हतं.

वेरूळच्या बाजूला मेंढरांमागं चालता चालता सोपान पडला. गुठळी मेंदूत गेली. तिसऱ्या दिवशी वारला.

पंधरवड्यानं त्याची बायको गयाबाई ओपीडीत आली. टेबलावर फाईल ठेवली, तिच्यावर गोळ्यांची न फोडलेली पट्टी.

“दुसऱ्या कुणाला व्हतील,” ती म्हणाली. “तारीख जवळ आली व्हती, म्हून आणून ठिवल्या व्हत्या त्यांनी.”

“तारखेसाठी? आन् मधल्या दिवसांत?” सिस्टरनी विचारलं.

“सरल्या की नव्हते घेत.”

सिस्टरनी फाईल उघडली. तीन, सव्वातीन, तीन. प्रत्येक आकड्याखाली त्यांनीच लाल शाईनं ‘शाब्बास’ लिहिलेलं. मी सुया मोजायला लागलो.

मग त्या ओरडल्या. विमानाचं वगैरे मला तेव्हा काही सुचलं नाही.

“अगं, मग मला सांगायला काय झालं होतं त्याला? खाल्लं असतं का मी?”

“व्हय,” गयाबाई म्हणाली.