काकांच्या पुण्याईवर चालणारं इंजिन

“इंजिन मी दुरुस्त केलं, असं कसं लिवायचं रायरे? काका अजून हायती की!”

तुळजोजीचं हे बोलणं ऐकून माझी बोटं टाइपरायटरवरच थांबली. म्हैसूरच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे इंग्रजी अर्ज टाइप करून देणं हा माझा धंदा, म्हणून सगळे मला ‘रायरे’, म्हणजे ‘रावसाहेब’, म्हणायचे. तेव्हा बायोडाटा वगैरे काही नव्हतं. वय, शिक्षण, अनुभव, सगळं ॲप्लिकेशनमध्येच कोंबायचं. सुरुवात ‘आय मोस्ट हंबली बेग’ने, म्हणजे ‘अत्यंत नम्रपणे विनवितो की’ने. एवढी नम्रता झाली की पुढे मात्र उमेदवारानं आपलं काम छातीठोकपणे सांगायचं. आमच्या मराठी गिऱ्हाइकांची गाडी नेमकी इथेच अडायची.

तुळजोजी भाताच्या गिरणीत ऑइल इंजिन सांभाळायचा. गिरणी बंद होणार होती. पाण्याच्या पंपांच्या खात्यात मेकॅनिकची पोस्ट निघाली होती. ती हुकली तर त्याला कोलारच्या सोन्याच्या खाणीत जावं लागणार होतं. आईबाप लहानपणीच गेलेले, काका-काकूंनी वाढवलेला एकुलता एक पोर. खाणीचं नाव निघाल्यापासून काकूच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

“अरे, बंद पडलेलं इंजिन सुरू कुणी केलं?” मी विचारलं.

“काकांच्या आशीर्वादानं झालं.”

“पाना कुणाच्या हातात होता?”

“माझ्याच. पण वडीलधारं माणूस घरात असताना मी मी करणं बरं दिसतं काय? बेड, रायरे, बेड.”

‘बेड’ म्हणजे कानडीत ‘नको’. आमच्याकडे घरात मराठी बोलतात, पण नकार कानडीत देतात. तो जास्त पक्का वाटतो.

इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो, काम कुणी केलं ते साहेबाला कळायला हवं, असं मी परोपरीनं समजावलं. पठ्ठ्या ऐकेना. शेवटी गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे टाइप केलं. इंजिन काकांच्या कृपेनं दुरुस्त झालं, पंप काकांच्या पुण्याईनं चालला, गिरणीचा पट्टा काकांच्या देखरेखीखाली बदलला. व्याकरण निर्दोष होतं. तुळजोजी त्यात औषधालाही नव्हता.

खात्याचं उत्तर आलं. इंटरव्ह्यूला काकांना बोलावलं होतं.

काका म्हणजे सुभानराव, घोडदळातून निवृत्त झालेले. मिशा अजून ड्युटीवर. कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, “लिवणं तुमचं रायरे. आता तुमीबी चला संगट.”

आम्ही तिघेही गेलो. एंजिनियरसाहेब कानडीत बोलू लागले. “सही पुतण्याची आहे, पण काम सगळं तुमचं दिसतं. म्हटलं, मग तुम्हालाच घ्यावं. पिस्टन अडकला तर काय करता?”

“शिव्या देतो,” काका म्हणाले.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

“साहेब, मला घोड्यातलं कळतं, इंजिनातलं काही कळत नाही. सगळं ह्या पोरानं केलं. हा इंजिनाखाली आडवा, मी नुसता शेजारी उभा. जेवायला चल म्हटलं, तर म्हणे आवाज अजून बरोबर नाही. इंजिन सुरू झालं तेव्हा माझ्या पाया पडला. मी म्हटलं, आधी हात धू. असा कारागीर मी उभ्या जन्मात पाहिला नाही. तोंडावर कौतुक केलं की पोरं बिघडतात, म्हणून कधी बोललो नाही.”

काकांच्या तोंडून हे तुळजोजीनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी खिशातला रुमाल चाचपला, पण दुसऱ्याच्या इंटरव्ह्यूत टाइपिस्टनं रडणं काही शोभत नाही.

साहेबांनी पिस्टनचा प्रश्न आता तुळजोजीला विचारला. उत्तर बराच वेळ चाललं. त्यात काका एकदाही आले नाहीत. पोस्ट त्यालाच मिळाली.

तेव्हापासून मी नियमच केला. अर्ज लिहायला येताना घरातलं एक वडीलधारं माणूस बरोबर आणायचं. उमेदवाराला कॉफी प्यायला पिटाळायचं, आणि ते माणूस जे सांगेल ते ‘मी’ घालून टाइप करायचं. आजी आली असेल, तर मात्र त्यातलं निम्मं गाळायचं.